खाडा आणि हजेरी : महामारीतील शाळांविषयी काही अनुभव

(ट्रस्टच्या वर्धापनदिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात ओझर परिसरातील मुख्याध्यापक, शिक्षक, पालक व देणगीदार यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण. विश्वस्त मंडळाच्या सूचनेवरून ते या अहवालात समाविष्ट केले आहे.)



वर्धापनदिनाचे भाषण एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांचे असावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. यंदा विश्वस्त मंडळाने तो बाजूस ठेवून हे काम माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर स्त्रीकडे सोपविले, याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. मी डॉक्टर नाही आणि शिक्षिकाही नाही. या रुग्णालयात मी रोखपाल म्हणून रुजू झाले आणि जमा-खर्च लिहिता लिहिता प्रशासनात आले. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते वैद्यकशास्त्र नव्हे आणि अध्यापनशास्त्रही नव्हे. 2020 ते 2022 या काळात शाळा कधी वर्गात, कधी घरात आणि कधी दोन्हीकडे भरत होत्या. त्या दिवसांत आमच्या हजेरीपटावर आणि हिशेबाच्या वहीत जे उमटले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

रुग्णालयाने शाळांच्या कारभारात का डोकवावे, असा प्रश्न एखाद्या मुख्याध्यापकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मार्च 2020 च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील पहिला कोरोनाबाधित रुग्ण आपल्याच निफाड तालुक्यात, लासलगाव परिसरात आढळला. ज्या दिवसांत आम्हांला एकेका परिचारिकेची गरज भासू लागली, नेमक्या त्याच दिवसांत त्यांची मुले दिवसभर घरी राहू लागली. आमच्या एक परिचारिका भगिनी रात्रपाळी संपवून घरी जात, स्नान करीत, आणि झोपण्याऐवजी पहिलीतल्या मुलीसमोर मोबाइल धरून बसत. त्या लेकराला पडद्यावरील अक्षर गिरवायचे असते हेच कळत नसे. ते पडद्यावर बोट ठेवी आणि चित्र पुढे सरके. तिसऱ्या आठवड्यात त्या भगिनींनी माझ्या टेबलावर राजीनामा ठेवला. तो मी स्वीकारला नाही. तथापि तो न स्वीकारण्यासाठी काहीतरी सोय करणे मला भागच होते.

आमच्या जुन्या धुलाईघराशेजारी तीन बाजूंनी मोकळी असलेली पत्र्याची शेड आहे. तेथे कर्मचाऱ्यांच्या आठ-दहा मुलांसाठी सतरंज्या अंतर ठेवून घातल्या. कार्यालयातील एक जुना संगणक तेथे नेला. शिकवणी घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका दुपारी येऊ लागल्या. त्या शेडमधून आजार पसरल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही. पण आठ-दहा मुलांवरून सिद्धान्त मांडण्याचे धाडस मी करणार नाही. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एवढा विवेक असावाच लागतो.

माझी आजी सांगत असे की, तिच्या लहानपणी प्लेगचे उंदीर पडू लागले की गाव उठून शिवारात झोपड्या बांधून राहावयास जाई. मोकळ्या हवेचे हे शहाणपण आपल्याकडे नवे नव्हते. युरोपात सर्वप्रथम शाळा उघडणाऱ्या डेन्मार्कने एप्रिल 2020 मध्ये लहान मुलांचे गट लहान ठेवले, हात धुण्याच्या वेळा ठरविल्या आणि शक्य तितके वर्ग अंगणात, बागेत भरविले. आपण मात्र बराच काळ फवारणीच्या मागे लागलो होतो. त्यात माझाही वाटा आहे, आणि तो मी आज कबूल करणार आहे.

आपल्या राज्यात नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून सुरू करण्यास अनुमती मिळाली. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपविला गेला, आणि आपल्या जिल्ह्यात शाळांची घंटा 4 जानेवारी 2021 रोजी वाजली. शिक्षकांची आरटी-पीसीआर चाचणी, पालकांचे लेखी संमतिपत्र, एका दिवशी निम्मेच विद्यार्थी, उरलेले निम्मे दुसऱ्या दिवशी, गणित-विज्ञान-इंग्रजीसारखे विषय वर्गात व बाकीचे घरी, अशी ती योजना होती. डिसेंबरमध्ये काही मुख्याध्यापक माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. रुग्णालयाची माणसे म्हणजे यातली जाणकार, असा त्यांचा विश्वास होता. मी त्यांना एक यादी करून दिली. तिच्यात कपाळावर धरावयाचे तापमापक, सॅनिटायझरचे कॅन, हायपोक्लोराइटचे द्रावण, फवारणी पंप आणि ऑक्सिमीटर एवढे होते. प्रत्येकाचा दर व पुरवठादारही मी लिहून दिला. खिडक्यांविषयी त्या यादीत एक अक्षरही नव्हते.

आता जानेवारीतला निफाड तालुका म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी आली की तीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा बहुधा असतोच. द्राक्षबागांना थंडीचा फटका बसू नये म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवितात. अशा थंडीत मी एका शाळेत पाहणीसाठी गेले. दाराशी तापमान घेतले, हातावर सॅनिटायझर घातले, बाके औषधाने पुसलेली दाखविली. वर्गात एका बाकावर एकच मुलगा होता. सर्व काही माझ्या यादीप्रमाणे होते, आणि थंडी वाजते म्हणून चारही खिडक्या घट्ट बंद होत्या. मी समाधानाने परत आले. पुढे आमच्या डॉक्टरांना सहज ही हकीकत सांगितली तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मॅडम, बाके काय श्वास घेतात का?”

हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून, बंद जागेत साचलेल्या हवेतून पसरतो, हे पुढे सर्वमान्य झाले. पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याचा धोका अत्यल्प असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल 2021 मध्ये स्पष्ट केले. माणसांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारू नयेत, ते अपायकारक आहे, असे तर आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच कळविले होते. तरीही निर्जंतुकीकरणाचे बोगदे अनेक ठिकाणी उभे राहिलेच. दिसणाऱ्या खर्चाने मनाला धीर येतो. खिडकी उघडण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून तिचे मोल वाटत नाही. यादी सुधारून मी पुन्हा त्या मुख्याध्यापकांकडे गेले. समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवाव्यात, मुलांना स्वेटर-कानटोपी घालून वर्गात बसू द्यावे, गणवेशाचा आग्रह त्या दिवसांपुरता सोडावा, आणि तास संपला की पाच मिनिटे वर्ग रिकामा करावा, एवढेच तीत होते. त्यांनी ते मनापासून केले. फवारणी पंपाचे पैसे मात्र वाया गेले ते गेलेच.

पंप आणि खिडक्या यांहून मोठी गोष्ट मला शाळेत नव्हे, तर आमच्या रुग्णालयाच्या पगारपत्रकात उमगली. आजच्या भाषणाचा गाभाही तोच आहे.

2020 च्या उन्हाळ्यात आमच्याकडील सफाईच्या रोजंदारी कामगारांपैकी एक बाई तीन दिवस अंगात ताप असताना, पॅरासिटामॉलची गोळी घेऊन कामावर येत राहिल्या. उघडकीस आले तेव्हा मी त्यांना रागावले. “एवढ्या माणसांच्या जिवाशी खेळ कशाला मांडलात?” असे विचारले. त्या म्हणाल्या, “मॅडम, घरी बसले तर खाडा पडतो.” त्या उत्तरापुढे माझ्याकडे शब्द नव्हते. आम्ही दाराशी तापमापक घेऊन माणूस उभा केला होता, आणि त्याच वेळी ताप लपविण्याची सक्ती आमच्याच हजेरीपटाने केली होती. विश्वस्त मंडळाने पुढच्याच बैठकीत ठराव केला की, ताप, खोकला वा घरातील बाधित व्यक्ती या कारणाने घरी राहणाऱ्या कोणत्याही कामगाराचा, रोजंदारीवरील असला तरी, खाडा धरला जाणार नाही. आपणांपैकी काही देणगीदारांना त्या वर्षीच्या अहवालातील ‘विलगीकरण काळातील वेतन’ हे शीर्ष आठवत असेल. त्याविषयी मला दोन पत्रेही आली होती. असे केल्याने घरी बसणाऱ्यांची संख्या वाढेल, अशी शंका त्यांत होती. ती शंका खरी ठरली. संख्या वाढली, आणि ती वाढावी हाच त्या खर्चाचा हेतू होता. जे पूर्वी ताप अंगावर काढून येत, ते आता सकाळीच दूरध्वनी करून कळवू लागले.

ही गोष्ट मनात असताना मी शाळांकडे पाहू लागले, आणि तेथेही तोच खाडा दिसला.

फेब्रुवारी 2021 मधील एक हकीकत सांगते. त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि त्यांच्या अनुमतीनेच सांगत आहे. दहावीतला एक मुलगा, शाळा दिवसाआड. त्याच्या वाट्याला आठवड्यातून तीनच दिवस येत. घरचा दिवस म्हणजे काय, तर वडिलांच्या मोबाइलवर रात्री येणारी एक चित्रफीत, आणि वडील कामावरून आल्यावर तो मोबाइल हाती येणार. म्हणजे शाळेचा एक दिवस बुडाला की त्या विषयाचा आठवडा बुडाला. त्याचा घसा दुखू लागला तेव्हा त्याने कोणास सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे प्रयोग होते. दाराशी तापमान घेतले तेव्हा ते नेहमीसारखेच निघाले, कारण सकाळीच गोळी घेतलेली होती. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्याच्या आजी आमच्याकडे दाखल झाल्या. त्या घरी परतल्या नाहीत.

आजींना संसर्ग कोठून झाला हे कोणासही सांगता येणार नाही. त्या घरात कामावर जाणारी माणसे होती, बाजारहाट होता, त्याच सुमारास दुसरी लाट चढू लागली होती. आमच्या डॉक्टरांनी हे त्या मुलास स्वतः बसवून सांगितले. पण पुढे दोन वर्षे तो मुलगा या ना त्या निमित्ताने रुग्णालयात येई आणि मला एकच प्रश्न विचारी, “मॅडम, मी त्या दिवशी गेलो नसतो तर?” मी त्याला जे उत्तर देत असे ते त्याच्यापुरते होते. आपणां सर्वांसमोर उत्तर वेगळे आहे. त्या दिवशी त्याने घरी राहावे, यासाठी आपण मोठ्या माणसांनी काय केले होते? घरी राहण्याची किंमत त्याने एकट्याने मोजावी, अशीच व्यवस्था आपण मांडली होती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, घरचा अभ्यास हा शाळा बंद असतानाचा तात्पुरता आधार आहे, असे समजणे चुकीचे होय. शाळा उघडी असते तेव्हाच त्याची खरी गरज लागते. घरचा दिवस चांगला असेल, त्या दिवशी मूल मागे पडणार नसेल, तरच आई-वडील आजारी मुलाला घरी ठेवतात, आणि तसे ठेवले तरच वर्गातील बाकीची मुले सुरक्षित राहतात. घरच्या अभ्यासाची ही व्यवस्था एका परीने मास्कइतकेच काम करते.

हे साधावयाचे कसे, याविषयी मी त्या काळात जे पाहिले ते विस्ताराने सांगते, कारण पुढे कधी गरज पडली तर ते आयते हाताशी असावे.

पहिली अडचण मोबाइलची. एचएएल वसाहतीतील घरांत एकाहून अधिक मोबाइल व चांगले इंटरनेट होते. गावाच्या दुसऱ्या टोकास, पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांत एकच साधा मोबाइल, आणि तोही घरधन्याबरोबर सकाळीच बागेत जाणारा. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण 2018 मधील 36.5 टक्क्यांवरून 2021 मध्ये 67.6 टक्क्यांवर गेले होते. आकडा मोठा दिसतो. पण त्याच पाहणीत, घरी स्मार्टफोन असूनही साधारण चारांतील एका मुलाच्या हाती तो अभ्यासासाठी पडतच नव्हता, असेही नोंदले आहे. घरात वस्तू असणे आणि ती मुलाच्या हाती असणे या दोन निराळ्या नोंदी आहेत, हे कोणताही हिशेबनीस सांगेल.

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येई. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड व दीक्षा ॲप होते. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. आमच्या शेडमधील मुले तिची वाट पाहत, कारण तीत वर्ग व फळा नव्हता, आसपासच्या वस्तूंतून शिकणे होते. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाकाठी 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे, अशी पडद्यासमोरील वेळेची मर्यादा घातली, तीही योग्यच होती.

पण जेथे पडदाच नव्हता तेथे काय झाले, हे मला अधिक मोलाचे वाटते. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या शेकडो भिंतींवर धडे रंगविले. मुलांनी वही घेऊन गल्लीतून फिरावे, एका भिंतीशी उभे राहून संधी शिकावी, दुसऱ्या भिंतीशी अपूर्णांक. मोकळी हवा, अंतर आणि अभ्यास, तिन्ही एका वेळी साधले. आपल्या नाशकातच मुख्यालय असलेल्या आदिवासी विकास आयुक्तालयाने आश्रमशाळांच्या मुलांसाठी ‘अनलॉक लर्निंग’ हा उपक्रम राबविला. वसतिगृहे बंद होऊन मुले पाड्यांवर परतली होती, तेव्हा अभ्यासपुस्तिका त्यांच्यापर्यंत पोहोचविल्या गेल्या आणि शिक्षक पाड्यावर जाऊन भेटू लागले.

अशी वेळ जगावर प्रथमच आली असेही नाही. 1937 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडता आल्या नाहीत. तेव्हा तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांना रेडिओवरून धडे दिले गेले. धड्यांचे वेळापत्रक व प्रश्न वर्तमानपत्रांत छापून येत आणि पालकांच्या शंकांसाठी शिक्षक दूरध्वनीपाशी बसत. तेथेही अडचण तीच आली. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता वा नीट लागत नव्हता ती मुले मागे राहिली. रेडिओच्या जागी मोबाइल आला, पण ज्याच्या हाती तो नाही त्याची हजेरी कोण घेणार, हा प्रश्न आपल्यापर्यंत जसाच्या तसा येऊन पोहोचला.

आता दिवसाआडच्या गटांविषयी. बहुतेक शाळांनी सम-विषम हजेरी क्रमांकांवरून गट पाडले. कागदावर ते सोपे होते. परिणाम असा झाला की, एकाच घरातील थोरला सोमवारी जाई आणि धाकटी मंगळवारी. म्हणजे ते घर रोजच शाळेच्या संपर्कात राही. शिवाय ज्या रिक्षातून दोन्ही गटांची मुले येत, ती रिक्षा रोजच भरलेली असे. शाळेत एका बाकावर एक मूल आणि रिक्षात आठ मुले, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. एका मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र गट वस्तीवार पाडले. एका मळ्यातील, एका गल्लीतील, एका रिक्षातील सर्व मुले, भावंडांसह, एकाच दिवशी. त्यामुळे घरचा दिवसही सगळ्यांचा एकच आला, आणि मोठी मुले धाकट्यांचा अभ्यास घेऊ लागली. हा विचार त्यांचा स्वतःचा. मी केवळ नोंद करून ठेवली.

शिक्षकांवरील भाराविषयी मी फार बोलणार नाही, कारण आपण तो सोसला आहे. एवढेच सांगते की, फळ्यासमोर मोबाइल उभा करून वर्गातल्या व घरातल्या मुलांना एकाच वेळी शिकविण्याचा जो प्रयत्न काही ठिकाणी झाला, त्यात दोन्हीकडची मुले उपाशी राहिली. वर्गातला दिवस समजावून सांगण्यासाठी, प्रयोगासाठी, चुकलेले दुरुस्त करण्यासाठी. घरचा दिवस सराव, वाचन व लेखनासाठी. ही वाटणी जेथे झाली तेथे मुले व शिक्षक दोघेही टिकले. घरच्या दिवसाचा अभ्यास कागदावर, मोबाइलवाचून होण्याजोगा, आणि वर्गात परतल्यावर न चुकता तपासला जाणारा. न तपासलेली वही मूल दुसऱ्यांदा लिहीत नाही.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. दुसऱ्या लाटेने शाळा पुन्हा बंद झाल्या, दहावी-बारावीच्या परीक्षाही रद्द झाल्या. 15 जुलै 2021 पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग ग्रामपंचायतीच्या ठरावाने आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या देखरेखीखाली सुरू करण्याची मुभा मिळाली. गावाने ठरवावे, ही कल्पना मला फार आवडली होती. 4 ऑक्टोबर 2021 रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले, डिसेंबरमध्ये लहानग्यांना परवानगी मिळाली, जानेवारी 2022 मध्ये पुन्हा बंद आणि 24 जानेवारीपासून पुन्हा सुरू. त्या परिचारिका भगिनींची मुलगी पहिलीत नाव घालून तिसरीच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा तिने शाळेचे बाक जेमतेम काही आठवडे पाहिले होते. 2022 च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण 2018 मधील 27.3 टक्क्यांवरून 20.5 टक्क्यांवर आले होते. ती मुलगी आता वाचते. तिच्या आईने रात्रपाळ्यांतून वेळ काढून केलेले ते काम आहे, आमचे नव्हे.

आता आजच्या विषयाकडे येते. महामारी संपली, पण घरी राहावे लागणारी मुले संपलेली नाहीत. मूत्रपिंडाच्या विकारामुळे औषधे चालू असून गर्दीत जाण्यास मनाई असलेली, क्षयरोगाचे उपचार नुकतेच सुरू झालेली, हाड मोडून दोन महिने खाटेवर असलेली, थॅलेसेमियासाठी दर काही आठवड्यांनी रक्त घेण्यास येणारी अशी शाळकरी मुले आमच्याकडे नेहमीच असतात. त्यांच्या आई-वडिलांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न आजाराविषयी असतो आणि दुसरा शाळेविषयी. “शाळेत कधी पाठवू?” असे ते विचारतात, आणि बऱ्याचदा सांगितलेल्या दिवसाच्या आधीच पाठवितात. कारण तेच. खाडा पडतो.

गेल्या वर्षीपासून दोन शाळांनी आमच्याशी एक साधी व्यवस्था केली आहे. उपचारांतील मुलाच्या वर्गशिक्षिका आठवड्याचा अभ्यास कागदावर काढून एका पिशवीत घालतात. पिशवी शनिवारी येते, पुढच्या शनिवारी सोडविलेल्या वहीसह परत जाते, आणि तपासून पुन्हा येते. मूल रुग्णालयात असेल तर धुलाईघराशेजारच्या शेडमध्ये, त्याच निवृत्त शिक्षिका, आता वयाने बऱ्याच थकल्या असूनही, आठवड्यातून दोन दुपारी बसतात. डॉक्टरांच्या पत्रावर त्या दिवसांची हजेरी शाळा लावते. यात ना ॲप आहे, ना मोठा खर्च.

विश्वस्त मंडळासमोर मला एक कबुली द्यावयाची आहे. यंदाच्या अंदाजपत्रकात ती शेड पाडून तेथे औषध दुकानाचा विस्तार करावा, असा प्रस्ताव माझाच होता. वार्षिक उत्पन्नाचे गणितही मीच मांडले होते, आणि ते आजही बरोबर आहे. तो प्रस्ताव मी मागे घेत आहे. त्यामुळे येणारी तूट कोठून भरावी, याचा तक्ता मी अध्यक्षांकडे दिला आहे. देणगीदारांकडून अपेक्षा एवढीच की, पुढील वर्षीच्या हिशेबात ‘अभ्यासिका’ असे एक छोटे शीर्ष दिसेल, त्याला उत्पन्नाची बाजू नसेल, आणि त्याविषयी पत्र लिहावयाचे झाल्यास त्यांनी एकदा शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास येथे येऊन जावे.

मुख्याध्यापकांना एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवण्यासाठी एका ठरावाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. आजारी मुलाचा खाडा न धरणे, घरच्या अभ्यासाची पिशवी, साथ आल्यास वस्तीवार गट आणि वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या, असे चार विषय त्यात आहेत. काही शाळांत एका बाजूच्या खिडक्यांचे गज गंजून तावदाने उघडतच नाहीत, असे मी स्वतः पाहिले आहे. त्या दुरुस्तीसाठी ट्रस्टचे सुतार विनामूल्य येतील. मात्र थंडी पडण्यापूर्वी कळवावे. मसुद्याच्या प्रती बाहेर नोंदणी टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक शाळेने एक प्रत न्यावी आणि नोंदवहीत सही करावी.